हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की भुसावळच्या शाखेत
जिवंत आहोत हे सांगायला रांग लागते.
चार नंबरच्या खिडकीत मी.
समोर निवृत्त ड्रायव्हर, गार्ड, फिटर, त्यांच्या विधवा,
आणि मध्येच कडक इस्त्रीच्या शर्टात
विंग कमांडर सुपडू पुंजाजी सपकाळे, वीरचक्र.

यंत्रावर अंगठा ठेवतात.
यंत्र म्हणतं, जुळत नाही.
पुन्हा. जुळत नाही.
एकाहत्तरच्या डिसेंबरात कॉकपिटमध्ये जे पेटलं
ते बोटांवरच्या रेषा घेऊन गेलं.
उरलं ते केळीच्या सोपटासारखं गुळगुळीत.
"दुसरं बोट बघू," मी म्हणते.
मागे कुणीतरी खाकरतं.

तेवढ्या वेळात ते बोलतात,
दर वर्षी थोडंसंच, हप्त्याहप्त्यानं.

आधीची चार पोरं गेली, म्हणून आईनं
सुपात घालून ओढलं, तेच नाव पडलं.
स्क्वाड्रनमध्ये सगळे 'सूप' म्हणायचे.
त्यांना वाटायचं, पिण्याचं.
यांनी कधी सांगितलं नाही, पाखडायचं आहे म्हणून.

बाप रेल्वेत चावीवाला.
पहाटे तापीच्या पुलावर, खांद्यावर हातोडा,
एकेक बोल्ट ठोकायचा, कान द्यायचा.
सैल बोल्ट लपवत नाही काही,
फक्त बसक्या आवाजात बोलतो, म्हणायचा.
मागे डबा घेऊन पोरगा,
स्लीपरांच्या फटींतून खालचं पाणी बघत.
"विमान फार नंतर आलं," ते म्हणाले.
"आधी त्या फटी."

पदकाची हकीकत मी कात्रणात वाचली आहे:
शत्रूचा रेल्वेपूल, दोन फेऱ्या,
जळतं विमान परत आणलं.
तिसऱ्या वर्षी त्यांनी एवढीच भर घातली,
"पूल सेम होता हो. तसेच गर्डर, तशीच जाळी.
एकाच कारखान्यातले असावेत.
पहिल्या फेरीत वर एक माणूस दिसला.
खांद्यावर काहीतरी होतं."
"बंदूक?"
ते माझ्या शिक्क्याकडे बघत राहिले.
"दुसऱ्या फेरीत नव्हता."

सुटीवर आले तेव्हा फलाटावर हार, बँड, पेढे.
बापानं घरी पदक हातात घेतलं,
नखानं टिचकी मारून कानाशी धरलं.
चांदी.
मग विचारलं, अमळनेराकडची बोली सुटली नव्हती त्याची,
"पूल पडना का रे?"
"पडना."
"मंग आते त्यासना चावीवाला काय करी?"

यांनी त्याला त्या माणसाचं सांगितलं नव्हतं.
पुढंही नाही.

यंदा डाव्या हाताची करंगळी चालली.
हिरवा दिवा. कागद निघाला: हयात.
त्यांनी घडी घातली, खिशात ठेवली,
निघता निघता माझ्या खिडकीच्या गजावर
बोटाच्या पेरानं एकदा ठोकलं, मान कलती केली.
"वरचा स्क्रू सैल आहे. कळवा कुणाला तरी."

कळवलं. दोन अर्ज दिले.
अजून कुणी आलेलं नाही.
मालगाडी गेली की तो गज वाजतो,
आणि रांगेतलं कुणीच वर बघत नाही.