तालमीचा हत्ती

ऑगस्टात छावणीत ट्रक येतो
आणि आमची हाडी निम्मी रिकामी होते.
हत्ती, हत्तीचा माहूत, माहुताची बायको म्हणजे मी,
दोन पोरं, एक कोंबडी (ती लपवून),
तवा, चटया, मधाची बाटली.
मग दोन महिने मैसूरला, राजवाड्याच्या अंगणात
निळ्या ताडपत्रीखाली आमचा संसार.

राजवाडा पाठीमागे, चुलीच्या धुरात.
रविवारी त्याचे सगळे दिवे एकदम लागतात,
फाटकाबाहेरची माणसं आ वासतात,
आणि माझी धाकटी झोपेतच कूस बदलते:
"अव्वा, दिवा बारीक कर."

आमचा पुट्टय्या. पुट्टय्या म्हणजे लहानगा.
वजनकाट्यावर चार हजार नऊशे सत्तर भरला.
पेपरवाल्यांनी लिहून घेतलं.

पहाटे तालीम.
पाठीवर गादी, गादीवर लाकडी अंबारी,
अंबारीत वाळूची पोती.
आधी तीनशे किलो, मग पाचशे,
मग सोन्याइतकी, तोळाभरही कमी नाही.
मंडईवरून, चौकातल्या पुतळ्याला वळसा घालून,
अगरबत्तीची दुकानं अजून बंद
तरी वास फळ्यांच्या फटीतून बाहेर आलेला,
फुलवाली उठून त्याला एक केळं देते
आणि कपाळाला हात लावते. त्याच्या नव्हे, स्वतःच्या.

तोफांची सवय करतात त्या दिवशी
पहिल्या बाराला तो मागे सरला
आणि नवऱ्याच्या छातीवर सोंड टेकून उभा राहिला.
एवढा मोठा जीव, एवढ्याशा बरगड्यांशी.
दुसऱ्या बाराला नुसता कान हलवला.

अकरा वर्षं झाली.
सोनं ज्याच्या पाठीवर बसतं तो वेगळा.
त्याचे सुळे सारखे, चाल संथ.
आमच्याचा डावा सुळा बोटभर आखूड.
साहेब म्हणतात, मास्तय्या, तुझा राखीव.
पहिल्याला ताप आलाच, तर.
पहिल्याला कधी ताप येत नाही.

शहरातली पोरं दोरीपलीकडून विचारतात,
"सोनं वाहतो तो हाच का?"
माझा मोठा म्हणतो, "हाच."
मी त्याला रागे भरत नाही.
रस्ता ह्यालाच पाठ आहे,
आणि पाठ ह्याचीच सोलली आहे.

दसऱ्याला कपाळावर पोपट, सोंडेवर वेल,
कानांत गुलाबी.
अंबारीवर ऊन पडलं आणि रस्ताभर हात जुळले,
माझेही.
पण नजर माझी मागच्या रांगेत.
पुट्टय्या मोकळ्या पाठीनं चालला होता
आणि तरी पाऊल असं तोलून टाकत होता
की वर काहीतरी आहे, ते हलायला नको.

मग ट्रक. मग जंगल.
जिथं आमची जुनी हाडी होती
तिथं आता पाहुण्यांची जीप थांबते.
हिरव्या टोपीतला माणूस हळूच सांगतो,
डावीकडे बघा, गवे.
डावीकडे चिंचेखाली माझी सासू पुरली आहे.
तिला भेटायला आम्हाला चिठ्ठी लागते,
गव्यांना लागत नाही.

नदीवर नवऱ्यानं त्याला कुशीवर निजवला,
नारळाच्या शेंडीनं घासलं.
पोपट आधी गेले, मग वेल,
कानांतला गुलाबी रंग मात्र जाईना,
धाकटी म्हणाली, राहू दे.

तो उठला. काठावर गेला.
पायानं माती मोकळी केली, सोंडेत घेतली
आणि आपल्याच पाठीवर उडवली.
पुन्हा घेतली. पुन्हा.
जिथं गादीचा दोर काचतो तिथं जरा जास्त.

किती किलो झाली,
कुणी लिहून घेतलं नाही.