हातचा एक

पंधरा एप्रिलच्या आत कळवा, असं दोन्ही पत्रांत आहे.
आज दोन तारीख.
धक्क्यापाशी बर्फ अजून करकरतोय
आणि मी वजनकाट्याच्या केबिनमध्ये
गव्हाच्या पावतीमागे
बेरीज मांडते आहे, चौथ्यांदा.

पहिलं पत्र नेब्रास्काचं.
फी माफ, महिना एकोणीसशे डॉलर,
विषय: मक्याची मुळं.
मक्याशी माझं वैर नाही,
त्याचे ट्रक तोलूनच तर घरभाडं निघतं.
पण मक्यासाठी
माझी झोप कधी उडालेली नाही.

दुसरं इथलंच, डुलुथच्या टेकडीवरचं.
विषय: सुपीरियरच्या तळाचा गाळ.
दर वर्षाचा एक थर,
उन्हाळा फिका, हिवाळा गडद,
हजारो वर्षांची वही
काळ्या पाण्याखाली मिटून पडलेली.
अभिनंदन, म्हणतात.
आणि खाली, बारीक अक्षरांत:
यंदा आर्थिक साहाय्य देता येणार नाही.

म्हणजे अठ्ठावन्न हजार.
शिवाय मागच्या पदवीचे अकरा उरलेत,
त्या कागदावर माझ्या सहीखाली बाबांची सही.
महिना दोनशे बारा, नऊ वर्षं, न चुकता.
दाढ दुखणारा माणूस एकाच बाजूने चावतो ना,
तशी मी जगले,
एका बाजूने.

क्लॅरिस म्हणते, जाऊ नकोस.
तिने चार वर्षं काढली तिकडे, मग सोडून आली.
आता तिची लाँड्री आहे, आठ मशीन, एक बिघडलेलं.
"पाठ्यवेतन म्हणजे काय, सांगू?
तू उपाशी मरणार नाहीस याची
विद्यापीठाने घेतलेली खबरदारी."
असं म्हणून कोणाच्या तरी चादरीची
इतकी नेटकी घडी घातली तिने
की मला पुढचं विचारवेना.

हातचं सोडून पळत्यामागे लागू नये.
कबूल.
पण गाळ कुठे पळतो?
तो आहे तिथेच आहे.
पळत होते ती मीच,
या केबिनच्या तीन पावलांत.

रविवारी बाबांना सांगितलं.
आर्वो किविला, चौतीस वर्षं लोखंडाच्या धक्क्यावर,
वय त्र्याहत्तर, गुडघा एकच स्वतःचा.
बोटीचं इंजिन उघडून बसले होते.
"चिखल वाचायचे पैसे देतात?"
"नाही. घेतात."
ते हसले नाहीत.
स्पार्क प्लग पुसला, उजेडात धरला, परत पुसला.
मग म्हणाले, "पेन आण. कुठे सही करायची ते दाखव."

अठ्ठावन्न हजारांनी जे केलं नव्हतं
ते त्या वाक्याने केलं.
मी घाबरले.
पेन शोधायचं नाटक करत
स्वयंपाकघरात उभी राहिले, बराच वेळ,
आणि कॉफी घेऊन परतले.

काल रात्री टेकडीवरून मेल आला.
डॉ. हेल्गेसन. दोनच ओळी.
तुला बोट चालवता येते का?
आमचा माणूस जूनमध्ये निवृत्त होतोय;
अर्धी फी माफ होईल, उन्हाळ्याचा पगार मिळेल.

माझे गुण, माझा निबंध,
तीन शिफारसपत्रं, सगळं त्यांच्याकडे आहे.
आणि विचारतात काय,
तर अकराव्या वर्षी बाबांनी
उलट्या वाऱ्यात, शिव्या देत शिकवलं ते.

म्हणून ही चौथी बेरीज.
अर्धी फी गेली. उन्हाळा मिळवला.
गाडी विकली तर इतके,
क्लॅरिसच्या वरच्या खोलीत राहिले तर तितके
(तिने स्वतःच विचारलं, त्याच तोंडाने).
उरतात बावीस हजार, माझ्या एकटीच्या सहीचे.
थोडे नाहीत.
पण अठ्ठावन्नही नाहीत.

बाहेर ट्रकवाला हॉर्न देतोय.
थांब बाबा, एवढा रकाना पुरा करू दे.
आठ आणि सात पंधरा,
पाचाला पाच,
हातचा एक.

मेलला उत्तर लिहिलं:
बोट येते. वादळातही येते.
दोन प्रश्न आहेत.
पगार जूनपासून की जुलैपासून?
आणि विम्यात
दात धरतात का?