अर्धी गोळी

नान्नांनी बत्तीस वर्षं पत्ते पाडले.
खेळायचे नव्हेत, जॅकार्डचे.
भद्रावती पेठेत, पत्र्याखाली, एप्रिलातसुद्धा
आलेखाच्या कागदावर बोट ठेवून
चौकोन मोजायचा, पंच मारायचा.
भोक असेल तिथे सुई आत शिरते, धागा उचलला जातो.
नसेल तिथला धागा खालीच.
चादरीवरचा मोर म्हणजे त्यांच्या लेखी
नऊशे साठ पत्ते, आणि चूक एकही नाही.

दुकानदारानं दोन रुपये जास्त दिले म्हणून
उन्हात कन्ना चौकापर्यंत परत चालत गेलेला माणूस.
स्वतःच्या लग्नात मित्रांनी तीन पानी मांडली
तर हा भिंतीकडे तोंड करून झोपला, असं अम्मा सांगते.

मग उजवा अंगठा बसल्या जागी
तर्जनीवर काहीतरी वळायला लागला.
विडीचं पान नाही, तंबाखू नाही, नुसतंच वळणं.
अम्मा सूप बाजूला सारून म्हणाली,
"माझं काम तुम्ही कशाला करताय?"
आम्ही हसलो.
आठवडाभर हसलो.

डॉक्टर हत्तुरे म्हणाले, मेंदूच्या तळाशी
काळसर पेशींची एक छोटी पट्टी असते,
तिथून डोपामिन झिरपतं. ती आटत चाललीय.
रोज रात्री ही एक गोळी.

हात थांबला.
तिसऱ्या महिन्यात नान्ना शीळ घालायला लागले.
चौथ्यात लाल चौकड्याचा शर्ट आणला.
पाचव्यात मी पासबुक उघडलं.

साखर पेठेच्या मागे, एका जिन्यावर,
रात्री दोन वाजता सापडले.
हातात तेरा पत्ते, पंख्यासारखे उघडलेले,
आणि एकही पान थरथरत नव्हतं.
मी म्हटलं, नान्ना.
त्यांनी वर पाहिलं.
इतके खूश डोळे
आमच्या घरात मी कधी पाहिले नव्हते.

मी सांगायच्या आधीच डॉक्टरांनी विचारलं:
पैसे उडवतात? रात्री जागतात? गोड खातात?
अनोळखी माणसाला आमच्या घराचा पत्ता
तोंडपाठ असावा, तसं.
म्हणाले, गोळी हातापुरतं बघत नाही.
चालण्याच्या जागी बसते
तशी जिंकू-जिंकूच्या जागीही बसते.
हे ते नाहीत, ताई. हा डोस आहे.

अम्मानं पदर सावरला.
"मग आधी होते ते कोण?
तेव्हा किती डोस होता?"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.
धाकट्यानं मध्येच विचारलं, आम्हालाही होईल का हे.
बहुतेकांचं गुणसूत्रांतून येत नाही, म्हणाले.
मला त्यातलं सूत तेवढं ऐकू आलं.
आणि बहुतेक.

चौथीत मी निबंध लिहिला होता
त्या दोन रुपयांवर, बाईंनी वर्गात वाचून दाखवला.
तो प्रामाणिकपणाही कुठल्या पेशीतून
थेंब-थेंब येत होता का?
मला हे पटत नाही.
खोटंही वाटत नाही.

आता अम्मा पानं कापायच्या कातरीनं
गोळीचे दोन तुकडे करते.
जिन्यावरची देणी गोळीनं फेडली नाहीत,
ती तिच्या रोजच्या हजार विड्यांतून फिटतायत.
लाल शर्ट ट्रंकेत गेला.
नान्ना ज्याला-त्याला माफी मागतात,
पेपरवाल्यालासुद्धा. अंगठा पुन्हा थोडा वळतो.
मधूनच जुना पत्ता उजेडात धरतात,
भोकांतून दुपार त्यांच्या गालावर सांडते,
आणि ते मोजत राहतात.

काल पाणी देताना हळूच म्हणाले,
अम्माला ऐकू जाणार नाही अशा बेतानं:
"उरलेली अर्धी कुठे ठेवता गं?"

उद्यासाठी, मी म्हटलं.
डबा दुसऱ्या फळीवर ठेवला.
त्यांनी बघितलं, कुठल्या ते.