लेखनिक

केळुसकर बाईंनी नववी ब मधून मला निवडलं
ते भूगोलासाठी नव्हे.
"हिचं अक्षर बघा," एवढंच म्हणाल्या,
आणि माझी वही स्टाफरूममध्ये फिरली,
पाचवीपासून फिरत होती तशीच.

अप्पा बळवंत चौकातून आईनं नवं पेन आणलं.
रात्री मी दोन पानं गिरवून पाहिली.
आमच्या घरात मार्क आधी अक्षराला,
उत्तराला मागाहून.
दादाचं गिचमिड होतं,
त्याच्या गणिताकडे कुणी नीट पाहिलंच नाही.

नाना पेठेतलं केंद्र. तळमजल्यावर वेगळी खोली,
एक पंखा, एक बाक, एक पर्यवेक्षक
आणि रेवण कुंभारकर, दहावी,
जन्मापासून न दिसणारा.
तो सांगायचा, मी लिहायचे.
स्वल्पविरामसुद्धा सांगायचा,
परिच्छेद बदलताना घसा खाकरायचा.

मध्येच म्हणाला, कसं आहे गं तुझं अक्षर?
छान आहे म्हणतात.
छान म्हणजे?
सरळ. गोल. सुटं.
त्यानं पान उलटं केलं,
मागच्या बाजूनं बोट फिरवलं
माझ्या वेलांट्यांवरून, पोटफोड्या ष वरून,
आणि म्हणाला, फार दाबून लिहितेस.
कुणाला घाबरतेस का?
"बोलायचं नाही," सर म्हणाले.

तिसऱ्या प्रश्नात त्यानं सांगितलं,
ब्राझीलच्या पश्चिम किनाऱ्यावर दाट वस्ती आहे.
ब्राझीलला पश्चिम किनारा नाही.
मला ठाऊक होतं. नियमही ठाऊक होता,
लेखनिकानं फक्त लिहायचं.
मी पश्चिम लिहिलं.
इतका देखणा श्च
मी त्याआधी कधी काढला नव्हता.

शेवटी सरांनी स्टँपपॅड पुढे सरकवलं.
सही येते मला, रेवण म्हणाला.
मी त्याचं बोट चौकटीपाशी नेलं.
रे चौकटीबाहेर गेला, व त्याच्या अंगावर चढला,
ण कुठेतरी एकटाच खाली उतरला.
सरांनी मान हलवली, उगीच, सवयीनं.
माझ्या अकरा पानांत
त्याचं तेवढंच होतं.

घरी आल्यावर आईनं विचारलं,
नीट काढलंस ना?
काढलं, म्हटलं.
मग दार लोटून, डोळे घट्ट मिटून
मी माझं नाव लिहिलं.
उघडून पाहिलं
तर शिरोरेषा
सरळच आली होती.