तिसरी शर्यत

गिरगावातल्या छापखान्यात तेवीस वर्षं
मी लोकांच्या चुका दुरुस्त करत आलो, तोंड न उघडता.
ऱ्हस्व-दीर्घ, उडालेले अनुस्वार,
लग्नपत्रिकेत गाळलेलं कुणाच्या आजोबांचं नाव.
लाल शाई तोतरी होत नाही,
म्हणून तर ही नोकरी धरून बसलो होतो.

आणि तू म्हणालास, जा, वाचून दाखव.

कुठे, तेही ठरवून ठेवलं होतंस:
शिवडीचं क्षयरुग्णालय, पुरुषांचा कक्ष,
जिथे नातेवाईक दारातूनच डबा देऊन वळतात.
मी म्हटलं, पत्ता चुकला. दुसरा माणूस बघ.
माझं गाडं 'क'वर अडतं, 'प'वर तर रुततंच,
प्रभू म्हणताना ओठ कसे शिवल्यासारखे मिटतात
ते तुझ्याइतकं कोणी पाहिलंय?

पाळक रणनवरे म्हणाले, मोशेही जड जिभेचा होता.
होता ना. पण त्याच्या वतीनं बोलायला
तू भाऊ दिलास.
माझा भाऊ कल्याणला असतो. फोन उचलत नाही.

तीन शनिवार मी शिवडीचं तिकीट काढलं
आणि वडाळा डेपोपर्यंत बसून राहिलो.
"काका, तुमचा स्टॉप गेला," कंडक्टर म्हणाला.
मी मान हलवली. माहीत होतं.

चौथ्या शनिवारी उतरलो.
धैर्य वगैरे काही नव्हतं, कंडक्टर तोच होता,
त्याची लाज वाटली.
(असली लाजसुद्धा तू कामाला लावतोस?)

खाट अकरा. भिकाजी तोडणकर.
जन्मभर गोदीत गोणी उचलल्या, आता स्वतः अडतीस किलो.
मी पिशवीतून स्तोत्रसंहिता काढली.
"ते राहू द्या. पेपर आहे? रेसचं पान वाचा."

तर तुझ्या सेवेची माझी सुरुवात
महालक्ष्मीच्या तिसऱ्या शर्यतीपासून.
पहिलाच घोडा पवनपुत्र.
प... प...
एवढ्या वेळात तो मैदानाला दोन फेऱ्या मारून आला असता.
कानशिलं तापली. आता हसतील.

त्यांनी खोकून घेतलं, भांड्यात थुंकले,
झाकण नीट बसवलं.
"सावकाश. तुमचा शब्द अडतो, माझा श्वास.
बरोबरीनं जाऊ."

मग गेलो. मी थांबायचो तिथे ते दम घ्यायचे,
ते खोकायचे तेव्हा मी पुढचं अक्षर
जिभेखाली भिजत ठेवायचो.
अख्खं पान व्हायला पाऊण तास लागला.
बारा नंबरच्या पोरानं मध्येच कधीतरी
कानातली वायर काढली होती.
निघताना तोडणकर म्हणाले,
"ते तुमचं पुस्तकही आणा. पण आधी रेस."

आज पुन्हा शनिवार. मुठीत सुटे पैसे, घामानं ओले.
भीती काढून घे म्हणून किती विनवलं,
तू जिथल्या तिथे ठेवलीस.
शिवडी यायला दोन स्टॉप आहेत,
आणि मी एकच वाक्य तोंडात घोळवतोय:
पवनपुत्र पाचवा आला.
तीन प.