निमाणी वळ

बल्कांव दोन लाद्या रुंद, चौदा ओळी लांब.
दिवाडीच्या उन्हात इनास मेस्त गुडघ्यांवर,
बाजूला तीन ढीग: तांबडी, पांढरी, काळी.
चहा देताना मी सहज अट घातली,
लागून लागून एक रंग नको.
सहज कसली; गेली चार वर्षं
ताळगावच्या पठारावर
मी याच अटीचा पगार खाते.

तांबडी-पांढरी बसली.
तिच्याखाली पांढरी-तांबडी, नाहीतर पांढरी-काळी,
नाहीतर काळी-तांबडी. संपलं.
कुठलीही ओळ घ्या, पुढे वाटा तीनच.
पहिलीला सहा, मग तीनाने गुणत उतरा:
पंच्याण्णव लाख पासष्ट हजार नऊशे अडतीस.
शेजाऱ्यांचा हट्ट शंभर टक्के पाळून,
थंडी पार शून्यावर नेऊनसुद्धा,
एवढी मोकळीक उरते.

आकडा ऐकून त्याने कानावरची पेन्सिल चाचपली.
"आनी हांवें दिसाक कितले घालचे?"

चुकत कसा नाहीस, म्हटलं, मागचं सगळं ध्यानात धरून?
"सगळें कित्याक? निमाणी वळ पळय, पुरो."

फळ्यावर मी हेच सांगायला तास घेते.
आलेली ओळ उभी, येणारी आडवी,
जुळलं तिथे एक, भांडण तिथे शून्य,
सहा गुणिले सहाचा चौकोन,
आणि तो स्वतःशीच गुणत राहायचा.
सालात वीस लाद्या असत्या
तर नुसत्या ओळीच पंधरा लाखांवर गेल्या असत्या.
इनासचे गुडघे तरी तेच दोन.

दुपारी विहिरीचं कडं. सात लाद्या, गोल.
काळी संपलेली, दुसरी येणार उद्याच्या फेरीने.
तांबडी, पांढरी, तांबडी, पांढरी, तांबडी, पांढरी,
आणि सातवी हातातच राहिली.
इथे निमाणी वळ पुरत नाही,
शेवटचीला पहिलीचीही आठवण ठेवावी लागते.
बहुपदीत दोन घातले की शून्य येतं,
मला सकाळपासून माहीत होतं.
बोलले नाही. का, ते अजून कळलेलं नाही.

तो बराच वेळ उकिडवा बसला.
मग लादी पालथी केली
आणि तशीच ठोकली. सिमेंटची पाठ वर.
हा काय रंग झाला?
"पावसांत शेंवाळ येतलें. मागीर सांग."

रात्री वहीत दोनच्या जागी तीन घातले.
एकशे सव्वीस.
त्यातलं एक बाहेर, विहिरीपाशी,
अजून ओलं आहे.