नोंदवही, जुलै

भर जुलैत, ऑन्टारिओतल्या एका गावात,
आम्ही नाताळ उभा करतो.
कागदाच्या लगद्याचा बर्फ, पाइपानं फवारलेला,
बुटांना चिकटून माझ्या घरापर्यंत येतो.
लोकरी स्वेटरांत पाच जण घामानं निथळतात,
टेक संपला की पंख्यापुढे उभे राहतात हात पसरून,
बुजगावण्यांसारखे.

माझं काम कंटिन्युइटी.
कुणाची बाही किती दुमडलेली,
मेणबत्ती किती बोटं जळली,
कोणत्या शब्दावर कुणी काटा खाली ठेवला.
तेवीस वर्षं हेच.
लॉर्नाच्या नजरेतून सुई सुटत नाही, म्हणतात.

यंदाचं कुटुंब थॉर्नक्विस्ट.
आडनाव दरवर्षी बदलतं,
टेबल तेच, भाड्याचं.
थोरला शहरातून पोरगी घेऊन येतो.
तिचे बूट चुकीचे, वाइन चुकीची,
विनोद कळून ती हसते तोवर
बाकीचे हसून मोकळे झालेले असतात.
कुत्रासुद्धा तिच्यावरच भुंकतो
(त्याला बिस्किटं देऊन शिकवलंय).
आई म्हणते, "आमच्याकडे असं नसतं हं,"
त्या 'हं'ला मधाचं बोट लावलेलं.
बहीण त्याच्या जुन्या मैत्रिणीला जेवायला बोलावते,
अगदी सहज.
आणि स्क्रिप्टच्या पहिल्या पानावर लिहिलंय:
एक प्रेमळ, गोंधळी कुटुंब.

ऐंशीव्या मिनिटाला तिला स्वेटर मिळतो, त्यांच्यासारखाच.
माफी कुणी मागत नाही.
माफीचा सीन कापला नाही,
तो लिहिलाच नव्हता.
ती रडते. छान रडते ऊर्सुला,
विनिपेगची आहे, पहिलाच मोठा रोल.
कट म्हटलं की वॉर्डरोबवाली
तिच्या अंगातून स्वेटर काढून घेते,
हँगरला लावते, उद्यासाठी.

थंडर बेला माझा पहिला नाताळ,
नवऱ्याच्या घरी. फिनलंडहून आलेली माणसं,
बर्फाइतकीच कमी बोलणारी.
तांदळाच्या खिरीत ते एकच बदाम दडवतात,
ज्याला सापडेल त्याचं वर्ष भाग्याचं.
मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी चावला, गिळला.
खीर संपली, सासू पातेल्याचा तळ
डावानं खरवडत राहिली,
मग सगळे एकदम माझ्या तोंडाकडे बघू लागले.
एकच टेक. रिटेक नाही.
तेव्हापासून त्या घरात माझं नाव बदाम.
प्रेमानंच म्हणतात, असं ते म्हणतात.
मीही म्हणते.

गेल्या डिसेंबरात आर्व्होनं, माझ्या मुलानं,
मारिसेलला आणलं.
तिनं नारळाचा केक आणला होता, स्वतः केलेला,
मी तो 'नंतर खाऊ' म्हणून
फ्रिजमध्ये मागच्या बाजूला सारला.
बदामाचं मात्र आधीच नीट समजावून सांगितलं,
मी काही सासूसारखी नाही.
खीर मीच वाढत होते.
डावात बदाम दिसला. मला दिसतोच.
वाडगं तिचं पुढे होतं.
मनगट जरासं वळलं
आणि तो लेकीच्या वाडग्यात पडला.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
सगळ्यांत आधी टाळ्या मारिसेलनं वाजवल्या.

आज टेक नववा.
दिग्दर्शक ओरडतो, तिच्यावर अजून मोठ्यानं हसा!
सगळे हसतात.
प्रॉप्सचा नवा पोरगा टेकांच्या मध्ये
बाटली घेऊन ऊर्सुलाकडे वळतो, पेला भरायला.
मी त्याचा हात धरते.
नाही रे, तिच्या पेल्यात कुणी ओतत नाही.
लिहिते: ऊर्सुला. पेला अर्धा. टेक एक ते नऊ.

मारिसेल त्या रात्री
माझ्या डाव्या हाताला बसली होती, तीन तास.
निळा ब्लाउज, उजव्या कानात डूल जरा सैल,
काटा तिनं दोनदा खाली ठेवला, दोन्ही वेळा मी बोलत असताना.

पेला?
पेला किती भरलेला होता
ते मला आठवत नाही.